खिळ्यांचा पट्टा

आबा, तुमच्या हातचा पट्टा मी कुत्रीच्या गळ्यातून काढला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून काढला, माझ्या मनानं नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही असाल तिथून मिशीत हसाल आणि म्हणाल, बघा, शेवटी पोरगी आपल्याच वळणावर गेली. ही कुत्री तुम्ही पाहिलेली नाही. तुम्ही कांद्याला पाणी भरता भरता वाफ्यात पडलात आणि उठला नाहीत, त्याच्यानंतर एक-दोन वर्षांनी ती आली, येडगावच्या धरणाकडच्या एका वस्तीवरून, बाजाराच्या पिशवीत बसून. तुमची सेवा करायची पाळी कुणावर आली नाही. आई म्हणाली, सुटला बिचारा. नक्की कोण सुटलं ते तिला विचारायचा मला धीर झाला नाही. बापाची करायची राहिलेली सेवा मग या कुत्रीनं माझ्याकडून करून घेतली, आणि चांगली व्याजासकट घेतली.

तो पट्टा कसा झाला ते माझ्या तळहातांना अजून आठवतं. धरणांचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून वाघ आला. पेपरात बिबट्या म्हणतात, आपण वाघच म्हणतो. डोंगरातलं जनावर उसात राहायला लागलं, तिथंच वियायला लागलं, आणि वस्त्यांवरची कुत्री एकेक करून नाहीशी व्हायला लागली. वाघ आधी मान धरतो, म्हणून मानेला खिळ्यांचा पट्टा. तुम्ही वारूळवाडीच्या पिठाच्या गिरणीतून मशीनचा जुना रबरी पट्टा मागून आणलात. मी ओट्यावर उकिडवी बसलेय, परकर गुडघ्यांत दाबून, पट्ट्याची दोन टोकं दोन हातांनी ताणून धरलीत, आणि तुम्ही बोटाएवढे खिळे आतून बाहेर ठोकताय. “हात हालला तं टाळकं फोडीन.” तुम्ही असं म्हणता म्हणूनच हात हलतो. हातोडीचा दांडा खांद्यावर बसतो. मी परत टोकं धरते. खिळ्यांची डोकी कुत्र्याच्या मानेला बोचू नयेत म्हणून तुम्ही आतून पट्ट्याचा दुसरा थर लावलात, त्याच्या कडा कानशीनं घासल्यात, आणि तो स्वतःच्या गालावर फिरवून पाहिलात. कुत्र्याच्या मानेची एवढी काळजी करणारा माणूस शेजारी बसलेल्या पोरीच्या खांद्याकडे मात्र एकदाही बघत नव्हता.

आणि त्या पट्ट्याचा दुसरा कायदाही तुमचाच. कुत्रं म्हातारं झालं, दात गेले, डोळ्यांवर साय आली, की एका संध्याकाळी तुम्ही त्याच्या गळ्यातला पट्टा काढून दाराशेजारच्या खुंटीला अडकवायचात. आई चुलीकडे तोंड फिरवायची. दोन-चार दिवसांत कुत्रं दिसेनासं व्हायचं, उसाच्या बांधाला ओढल्याची खूण दिसायची, आणि आठवड्याच्या बाजाराला जाऊन आलात की तुमच्या पिशवीत नवीन पिलू असायचं. पट्टा खुंटीवरून उतरायचा. आम्हा पोरांवर तुमची आवडती धमकी होती, कुत्र्याच्या मौतीनं मराल. इतर घरांतली पोरं ती ऐकून हसत असतील. आपल्या घरात ती मौत कशी असते हे मला नीट माहीत होतं.

काळ्या कुत्र्याचं तुम्हाला आठवतं का? त्याचा कान सडला होता, एवढंच. चांगला धावायचा. तुम्ही त्याचा पट्टा काढलात आणि मी तो खुंटीवरून उतरवून परत त्याच्या गळ्यात घातला. सकाळी तुम्ही पाहिलंत. तुम्ही आधी पट्टा काढलात, शांतपणे, बक्कल नीट सोडवून, आणि मग त्याच पट्ट्यानं मला मारलंत. चपटा बसला असता तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या हाताला चपटं मारायची सवयच नव्हती. मी तोंडावर हात घेतले म्हणून दंडावर भागलं. तीन खिळे मांसात शिरले आणि तुम्ही ओढलंत तेव्हा कातडी उघडून आली. आतलं पांढरं दिसलं आणि मग रक्त. लहान भाऊ डोक्यावर दोन्ही हात धरून कणगीमागे बसला होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता. मग तुम्हीच मला सायकलच्या दांडीवर बसवून नारायणगावला नेलंत. डॉक्टरला सांगितलंत, “बाभळीत पडली, लई वांड हाय.” टाके घालताना माझं डोकं तुम्ही तुमच्या पोटावर दाबून धरलं होतं. तुमच्या सदऱ्याला तंबाखूचा आणि खताचा वास येत होता. येताना जिलबी घेतलीत. मी ती खाल्ली, आबा. गरम होती. काळं कुत्रं त्याच आठवड्यात गेलं.

एवढं झाल्यावर तुमचा नुसता राग करायचा, तर तेही तुम्ही धड होऊ दिलं नाहीत. मंचरला माझं लग्न करून दिलंत. तिथं नवऱ्यानं हात उचलला, एकदाच. दुसऱ्यांदा उचलेपर्यंत मी थांबले नाही, एसटीत बसून घरी आले. वाटलं, आता तुम्ही पट्टा काढणार. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो करून मंचरला गेलात. संध्याकाळी माझं शिलाई मशीन घेऊन आलात. तुमची उजवी मूठ सुजलेली होती. त्या मशीनवर मी आजवर पोट भरतेय. साऱ्या वस्त्यांवरच्या बायकांचे ब्लाऊज माझ्याकडे येतात. मला न्याय मिळाला तोही तुमच्या मुठीनंच, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तर ही कुत्री. आठ-नऊ वर्षं तिनं तुमच्या पट्ट्यात राजासारखी काढली. दोनदा वाघानं तिला धरायला पाहिलं आणि दोनदा त्यानं तोंड फोडून घेतलं. खिळ्यांना रक्त लागलेलं मी राखेनं घासून काढलं. मग ती म्हातारी व्हायला लागली. मागचे पाय उतरले, डोळ्यांवर साय आली, छातीत पाणी व्हायला लागलं, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं तिच्या पोटाखाली, थानाजवळ, सुपारीएवढी गाठ आली. सुपारीचं लिंबू झालं. नारायणगावच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान, पण हात खंबीर. त्यांनी पोट चिरून गाठ काढली. मी तिचे पुढचे पाय धरून उभी होते. गाठ ट्रेमध्ये पडली त्याचा आवाज झाला, आणि बाई म्हणाल्या, “ही कॅन्सरची आहे, ताई. परत येऊ शकते.” आपल्याकडे माणसाच्या कॅन्सरलाही लोक नाव घेत नाहीत, मोठा आजार म्हणतात. इथं कुत्रीचा आजार त्यांनी सरळ नाव घेऊन सांगितला, मला ते आवडलं.

सेवा म्हणजे काय ते तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कधी केली नाहीत. पेढ्यात गोळी लपवायची, तिनं पेढा चाटून खायचा आणि गोळी ओट्यावर थुंकायची. मग जबडा उघडून घशात बोट घालून गोळी ढकलायची आणि ती चावायची. मनापासून चावायची. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. गोळ्यांनी तिला सारखी लघवी व्हायची, म्हणून गोधड्या धुवायच्या, वाळायच्या आत परत धुवायच्या. टाके उसवले तेव्हा माशी बसली आणि जखमेत अळ्या झाल्या. दुपारच्या उन्हात तिला मांडीखाली दाबून चिमट्यानं एकेक अळी काढायची. ती किंचाळायची, मी पण किंचाळायचे, तुमच्या आवाजात, तुमच्या शिव्या देऊन. “मर एकदाची!” असं म्हणायचे आणि त्याच हातानं तिला कलेजी भरवायचे. एकदा ती चावली तेव्हा मी तिच्या तोंडावर फाडकन मारलं. तिनं डोळे मिटले, मारायचं झालं का याची वाट बघत राहिली. त्यानंतर मी हात मागे बांधून ठेवल्यासारखी वागत होते.

आणि मग दुसरी गाठ आली ती मानेला. बरोबर पट्ट्याखाली. पट्टा घासून ती फुटली, पाणी यायला लागलं, रबराला घाण वास लागला. डॉक्टरीणबाईंनी हात लावून पाहिलं. “पट्टा काढावा लागेल.”

“आमच्यात पट्टा काढत न्हाईत, डॉक्टर,” मी म्हणाले.

त्यांना वाटलं मला कळलं नाही. त्यांनी परत समजावून सांगितलं, की आता ऑपरेशन झेपणार नाही, हृदय थकलंय, जखम मोकळी राहिली तर निदान दुखणं कमी होईल, आणि खूपच त्रास व्हायला लागला तर एक इंजेक्शन असतं, मी घरी येऊन देईन. मी मान हलवली. घरी आल्यावर मी बक्कल सोडवलं. पट्टा कुठं ठेवायचा? या घरात पट्ट्याला एकच जागा आहे. तुमच्या खुंटीला लावला. कुत्रीनं मान झटकली आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती शेपूट हलवायला लागली.

भावानं खुंटीकडे पाहिलं, कुत्रीकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजला. तो आता वाईट माणूस नाही, आबा. बैलांनासुद्धा चाबूक लावत नाही. माझ्याशेजारी बसून म्हणाला, “ताई, बरं केलंस. तिचा बी जीव सुटंल, तुझा बी. आबा काय करायचे? आपण तिला मारत न्हाई. तू नुसतं दार लाव.”

नुसतं दार लाव. तुमचा सगळा कायदा त्यानं तीन शब्दांत सांगितला. मी त्याला म्हणाले, “आबांच्या घरात माणसं मार खाऊन जगली अन् कुत्री मार न खाता मेली. ही माझ्या मांडीवर मरंल. वाघाच्या तोंडात न्हाई.”

“शेजारचा ऊस तोडायला घेतलाय,” तो म्हणाला, “त्यातला वाघ जाईल कुठं? घरात शिरला म्हंजे?”

“शिरू दे.”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ऊस उभा असतो तोवर वाघ त्यात लपून असतो. कोयते फिरायला लागले की तो बाहेर पडतो, भुकेला, बावचळलेला. म्हणून मी मशीनवर बसले. आधी तिच्या छातीला ताडपत्रीचं जाकीट शिवून त्याला खिळे लावले, पण वाघ छाती धरत नाही, मान धरतो. मग मानेसाठी शिवलं. आत मऊ अस्तराचं कापड, मध्ये गादीतला कापूस बोटबोटभर, वरून जुन्या कोटाचं जाड कापड, टिपांवर टिपा घालून. जखमेला टोचायला नको आणि दातांना मान लवकर लागू नये, असं. भाऊ हसला, “गळपट्टा घातलेली म्हातारी.” दिवसातून दोनदा तो जखमेच्या पाण्यानं भिजायचा, म्हणून मी तसे तीन शिवले. खिळे काही लावता आले नाहीत.

परवाची गोष्ट. दिवेलागण व्हायची होती, ऊन बांधावरून उतरलेलं. मी दारात मशीनवर होते, हातात कुणाच्या तरी लग्नाचा ब्लाऊज. कुत्री घरातून उठली, गोळीमुळे तिला दर घटकेला जावं लागायचं, आणि अडखळत अंगणात गेली, धुण्याच्या दगडापाशी. मी तिच्याकडे बघतच होते. एवढं बघत असूनही वाघ कुठून आला ते मला दिसलं नाही. एकदम तो तिच्यावर होता. आवाज असा नाहीच, फक्त तिच्या घशातून हवा निघाल्याचा. त्यानं मान धरली आणि झटका दिला, आणि दातांत कापूस आला. माझा कापूस. पांढरे पुंजके त्याच्या तोंडाभोवती उडाले, तो क्षणभर गोंधळला, त्यानं परत खोलवर दात रुतवले आणि तिला उसाच्या तोडलेल्या वावराकडे ओढायला लागला.

कात्री माझ्या मांडीवर होती. कात्री घ्यायची हे सुचलं नाही. हात वर गेला तो खुंटीकडे गेला. बक्कलाचं टोक मुठीत धरून मी धावले आणि त्याच्या तोंडावर तुमचा पट्टा घातला. चपटा नाही, उभा. खिळे कानाखाली शिरले. ओढून काढावे लागले. त्यानं कुत्री सोडली, तो माझ्याकडे वळला, पंजा मारला तो लुगड्यात गुंतून नुसता ओरबाडा आला, आणि मी परत मारलं, डोळ्यावर, नाकावर. तुमची शिवी माझ्या तोंडातून बाहेर पडत होती, अख्खी, तुमच्याच सुरात. त्याच्या मानेवरचं रक्त माझ्या ओठाला लागलं. तो कुंपणावरून उडी मारून गेला. मी मारतच होते. धुण्याच्या दगडावर मारत होते. एक खिळा उडून ओट्यावर खणखणत गेला.

भाऊ धावत आला. “ताई, गेला त्यो! गेला! बास कर!”

मी वळले, पट्टा उगारलेलाच होता, आणि माझ्या भावानं, पोरं कॉलेजात जाणाऱ्या, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या माझ्या भावानं, दोन्ही हात डोक्यावर धरले आणि तो मान खाली घालून उकिडवा बसला.

कुत्री जिवंत होती. गाठ पूर्ण फाटली होती, खांदा उघडा पडला होता, पण नरडं वाचलं होतं. मी तिला घरात घेतलं. रात्रभर ती कण्हत होती, सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सुई भरली. मी जमिनीवर मांडी घालून बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, त्यांना म्हणाले, थोडं थांबा, आणि तिला एक पेढा दिला, नुसता, गोळी नसलेला. तिनं आत गोळी आहे का ते जिभेनं शोधलं, आणि मग खाल्ला. मी रडले, मोठ्यानं, तुम्ही गेलात तेव्हा रडले नव्हते तेवढी. सुई गेल्यावर तिचं अंग जड झालं, गरम लघवी माझ्या मांडीवर पसरली. बाई म्हणाल्या, “गेली.” मी तशीच बसून राहिले.

तेव्हा मला तुमचं एक कळलं, आबा. तुम्हाला लोक वाघ म्हणायचे. आख्खं घर तुमच्या पावलांना घाबरायचं. पण म्हाताऱ्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन ते मरताना बघायची तुमची छाती नव्हती. म्हणून तुम्ही पट्टा काढायचात आणि दार लावायचात, आणि उरलेलं काम उसातल्याकडे सोपवायचात. मारताना तुमचा हात कधी थरथरला नाही. थरथरायची जागा आली की तुम्ही निजायला जायचात.

तिला शेवग्याखाली पुरलं. भावानं खड्डा खणला, तो माझ्याशी नीट बोलतो, पण जवळून जाताना जरा लांबून जातो. पट्टा तिच्याबरोबर पुरायचा म्हणून मी हातात नेला होता. परत घेऊन आले. आता खुंटीला आहे, एक खिळा कमी असलेला. भाऊ म्हणतो नवीन पिलू आणू. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. हा कागद तिच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवते, तुम्हाला पाठवायची सोय नाही आणि दुसऱ्या कुणी वाचण्यासारखं हे नाही.

एक लिहायचं राहिलं. भाऊ डोक्यावर हात धरून खाली बसला, तेव्हा वाघ गेला आहे हे मला दिसत होतं, आणि समोर कोण आहे तेही दिसत होतं. तरी उगारलेला हात खाली घ्यायला मला जरा वेळ लागला.